गाडी हलली पाहिजे

दोन्ही तळवे बॉनेटवर टेकवायचे, एक पाय मागे घ्यायचा आणि गाडीला हलकंच रेटायचं. गाडी वीतभर सरकली की आप्पा म्हणायचे, "हलतीय. झोपा आता." नाही सरकली की गल्लीत हाक जायची, "अरं ए, गाडी आडून बसलीया तुझी! न्यूट्रलला टाक की!" मग मालक बनियनवर, खरकट्या हाताने जिना उतरायचा.

शिरूरच्या आमच्या गल्लीत रोज जेवणाच्या वेळेला हा कार्यक्रम असायचा. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, बघा. आपण त्याला हसतो, कधी वैतागतो, आणि त्याच्या जिवावर निर्धास्त झोपतो.

आप्पा दौंडला रेल्वेत शंटिंगला होते. उभा जन्म डबे जोडण्यात आणि सोडण्यात गेला. रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या गल्लीच्या अगदी आतल्या टोकाला दोन खोल्या बांधल्या, कारण काकूंचं माहेर याच तालुक्यातलं, मांडवगण फराट्याचं. गाड्यांबद्दल आप्पांचं एकच तत्त्वज्ञान होतं. "डबा कितीबी जड असू दे, ब्रेक सुटला की चार माणसांत हलतोय. आन् ब्रेक लागला की इंजिनाच्या बापाला ऐकत न्हाई. उभी करा कुठंबी, पण गाडी हलली पाहिजे."

डबा घरंगळू नये म्हणून रेल्वेत चाकाखाली लाकडी पाचर लावतात. तशा पाचरी आप्पांनी स्वतः तासून, लाल रंग देऊन घरोघर वाटल्या होत्या. म्हणजे हँडब्रेक लावायला निमित्त नको. दुसरी माणसं कामात पाचर मारतात, आमचे आप्पा पाचरी वाटत फिरायचे. आम्ही त्यावरून त्यांची भरपूर टिंगल केली. पण पाचर प्रत्येकाने लावली.

या सगळ्याला कारण काकू होत्या. काकूंना दम्याचा जुना त्रास, शेवटी शेवटी तर घरात ऑक्सिजनचं मशीनच आणलं होतं. मशीन कामाचं होतंच, पण खरा अटॅक आला की दवाखाना गाठावा लागे, आणि घर गल्लीच्या टोकाला. एकदा ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मी स्वतः पाहिलंय. मध्ये उभ्या असलेल्या गाड्या आम्ही एकेक करून ढकलत होतो आणि आप्पा दोन्ही हात वर करून उलटे चालत होते. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!" ॲम्ब्युलन्स थेट त्यांच्या दारात जाऊन लागली. चौथ्या दिवशी काकू घरी आल्या आणि अख्ख्या गल्लीला त्यांनी चहा पाजला. आप्पा मात्र रस्त्यावर वाकून पाहत होते, कुणाची पाचर कुणाच्या चाकाखाली गेली ते.

पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. आजूबाजूला कंपन्या वाढल्या, घरांवर मजले चढले, खोलीखोलीत भाडेकरू आले आणि प्रत्येकाच्या लग्नात, नाहीतर बोनसवर, एकेक गाडी आली. बरं, या गाड्या जातात कुठे? माझंच सांगतो. मी कंपनीत क्वालिटीला. सकाळी कंपनीची बस न्यायला येते, दुपारी आणून सोडते. गाडी सहा दिवस झोपते आणि रविवारी सासुरवाडीला, इनामगावला जाऊन येते. त्या एका फेरीसाठी आम्ही गल्ली खाल्ली.

कारण रात्रीच्या पार्किंगला एक बाजू पुरेना, तेव्हा नगरपालिकेकडे दोन्ही बाजूंना परवानगी मागायचा अर्ज मीच लिहिला. गटारावर फरशा टाकायच्या, घरांपुढचे ओटे काढायचे, कोपऱ्यावरचा लिंब तोडायचा, आणि मध्ये एका गाडीपुरती वाट ठेवायची. सह्या मीच गोळा केल्या. आप्पा मला नावाने कधी हाक मारायचे नाहीत, 'क्वालिटी' म्हणायचे. त्यांनी अर्ज डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला.

"क्वालिटी, मधली वाट बी भरंल रं."

"भरणारच, आप्पा. उशिरा येणारा कुठे जाईल? पण मधली गाडी न्यूट्रलला राहील. ढकलायला आम्ही आहोत ना."

"सगळ्यांचं न्हाई इचारत. तुझं सांग. शब्द दे."

"दिला."

आप्पांनी सही केली. स्वतःचा ओटा मात्र काढू दिला नाही. काकू संध्याकाळी त्यावर बसून श्वास घ्यायच्या.

मंजुरी आली, ओटे गेले, लिंब गेला. आठ दिवसांत दोन्ही बाजू गच्च भरल्या, महिन्याभरात मधली वाटही. उरलेल्या फटींत मोटारसायकली. आप्पांची फेरी आता तासाची झाली. रेटून रेटून त्यांना दम लागायचा. त्यांच्या मागून चालताना मला आमचंच हसू यायचं, पण अर्ज मागे घ्यावा असं मला एकदाही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

मग मी जुनी गाडी विकून नवी घेतली. बिनागिअरची. तिला उभं करताना दांडा 'पी'वर टाकायचा, म्हणजे ती जागची हलत नाही. शोरूममधला माणूस बरंच काही समजावत होता. माझं लक्ष गाडीच्या हारात आणि बायकोच्या चेहऱ्यात होतं.

त्या रविवारी इनामगावहून यायला आम्हाला उशीर झाला. माझी जागा कुणीतरी घेतली होती. आप्पांची फेरी होऊन गेलेली. गल्लीच्या तोंडाशी, मधोमध, मी गाडी लावली आणि दांडा 'पी'वर टाकला. नव्या गाडीला चार जणांचे हात लागावेत, ओरखडे पडावेत, हे मला नको होतं. सकाळपर्यंतचाच तर प्रश्न आहे, म्हटलं. सकाळी बसची घाई झाली आणि किल्ली खिशात घालून मी कंपनीत गेलो. दुसरी किल्ली मेहुण्याकडे इनामगावला राहिली होती. कंपनीत मोबाइल गेटवर जमा करावा लागतो.

चहाच्या सुट्टीत गेटवर मोबाइल हातात आला, तेव्हा बायकोचे फोनवर फोन येऊन गेले होते.

काकूंना सकाळीच अटॅक आला. ॲम्ब्युलन्स आली ती माझ्या गाडीमागे उभी राहिली. पुढचं मी पाहिलं नाही, बायकोने सांगितलं. गल्लीतले सगळे जमले आणि ढकलू लागले. गाडी हलेना. कुणीतरी म्हणालं, ही लॉक आहे, सोडा नाद. पण आप्पा दोन्ही तळवे बॉनेटवर टेकवून रेटतच होते. "हलंल, हलंल. न्यूट्रलला हाय ती. क्वालिटीची हाय. त्यानं शब्द दिलाय मला."

शेवटी काकूंना मशीनपासून सोडवून, खुर्चीत बसवून, गाड्यांच्या टपांवरून हातोहात बाहेर काढलं. दवाखान्याच्या वाटेवरच त्या गेल्या.

लोक म्हणाले, वय झालं होतं, आजार जुना होता. मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं. नाही पटलं. नाही पटत.

दहाव्याला घोड नदीच्या काठी मी आप्पांसमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मुस्काडीत दिली असती तरी खाली मान घालून घेतली असती. पण आप्पाच हळूच म्हणाले, "क्वालिटी, एक इचारू का? त्या नव्या गाडीला न्यूट्रल नसतंच का रं?"

काय सांगू तुम्हाला. न्यूट्रल असतं. दांड्याच्या शेजारी एक झाकण आहे, त्यात किल्लीचं टोक दाबलं की बंद गाडीसुद्धा न्यूट्रलला येते. शोरूमच्या माणसाने दाखवलेलं तेवढं मात्र मला लख्ख आठवत होतं.

"नसतं, आप्पा," मी म्हणालो.

"मंग तू तरी काय करणार," आप्पा म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर मी गाडी बाहेर हमरस्त्यावर लावू लागलो. त्याने काय फरक पडायचा? गल्लीच्या तोंडाशी अर्ध्या तासात दुसऱ्याची गाडी उभी राहिली. आठवड्याने माझ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं आणि मी तिला निमूटपणे परत गल्लीत आणलं. मधल्या जागेवर लावायची वेळ आली तरी 'पी'वरच. न्यूट्रलला ठेवली असती तर आप्पांना कळलं असतं. एकदा खोटं बोलल्यावर गाडी हलती ठेवायचीही सोय राहिली नाही. पण आप्पांच्या फेऱ्या बंदच झाल्या होत्या. ते ओट्यावर बसून असायचे. पाचरी पावसात भिजून फुगल्या, पोरांनी त्यांच्या यष्ट्या केल्या.

दोन महिन्यांनी त्यांची लेक त्यांना खुटबावला न्यायला आली. सामान न्यायला टेम्पो आला आणि अर्थातच बाहेरच अडला. गल्लीच्या तोंडाशी मधोमध त्या दिवशीही माझीच गाडी होती. टेम्पोवाला हॉर्न वाजवून थकला, मग खाली उतरून त्याने तोंड सोडलं. "कुठल्या गाढवाची गाडी हाय ही? अक्कल हाय का न्हाई?"

मी किल्ली घेऊन धावत जिना उतरत होतो. शेवटच्या पायऱ्यांवर आलो तर आप्पा काकूंचं ऑक्सिजनचं मशीन पोटाशी धरून माझ्या गाडीपाशी उभे होते. त्यांनी मला पाहिलं नाही. मशीन खाली ठेवलं, एक तळवा बॉनेटवर टेकवला, पण रेटलं नाही.

"त्याला शिव्या नगं देऊ, बाबा," ते टेम्पोवाल्याला म्हणाले. "पोरगं शब्दाचं पक्कं हाय. हिला न्यूट्रलच नसतंय."

मी किल्ली मुठीत धरून जिन्यातच थांबलो. गल्लीतल्या माणसांनी सामान डोक्यावर घेऊन, गाड्यांच्या फटींतून, एकेक करून बाहेर नेलं.