कानबाईची काळवंडलेली नथ

मुलांनो, जळगावचे नानासेठ गेल्या आठवड्यात गेले. जुने दागिने आणि हिरे यांच्या बाबतीत सगळ्या खानदेशात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. आईच्या दागिन्यावरून भावाभावांत वाद झाला, तर लोक वकिलाआधी त्यांच्याकडे जात. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाही, म्हणून त्यांचे माझ्यावरचे उपकार लिहून ठेवते. हे घडलं त्या दिवसांत माझी श्रद्धा आटली होती, हेही लपवत नाही. तुमचे आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती. मी रोज दिवा लावत होते, पण समोर कुणी आहे असं वाटत नव्हतं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या भाऊबंदांत कानबाई बसते. चौरंगावर नारळाची देवी मांडायची, तिला नथ घालायची, सगळ्यांनी मिळून प्रसादाचे जाड रोट खायचे. त्या वर्षी देवी धुळ्याला आपल्या घरी बसणार होती, म्हणून तिची पाच हिऱ्यांची जुनी नथ मोठ्या जाऊबाईंनी माझ्या स्वाधीन केली होती. मला ती मळकट वाटली. शुक्रवारी मी फोनवर हिरे स्वच्छ करण्याबद्दल एक इंग्रजी लेख वाचला आणि त्यात सांगितल्याप्रमाणे, घड्याळ लावून, नथ साबणाच्या कोमट पाण्यात भिजवली. दुपारपर्यंत पाचही हिरे शिशासारखे काळे पडले.

तुमचा बाबा तेव्हाच तिकडे, तुम्ही आता राहता ते घर घेत होता आणि त्याला पैसे लागत होते. खरे हिरे कुठे गेले, याचं उत्तर भाऊबंद स्वतःच शोधून काढणार होते. या घरात बेचाळीस वर्षं काढल्यावर माझ्या नावापुढे चोर हा शब्द लागणार होता, आणि तोही देवीसमोर.

शनिवारी पहिल्या बसने जळगावला गेले. नानासेठांच्या सूनबाई म्हणाल्या, "नाना सामायिकाला बसलेत. पाऊण तास तरी उठणार नाहीत." जैनांचं हे ध्यान वेळ भरेपर्यंत सोडता येत नाही, म्हणून मी ओसरीवर बसून राहिले. आत वाळूच्या घड्याळाकडे बघत बसलेले ते दिसत होते. ती वाळू मला मुद्दाम हळू पडते आहे असं वाटलं. शेवटी ते बाहेर आले आणि भिंग डोळ्याला लावून त्यांनी बराच वेळ नथ पाहिली.

"कोणी धुतली?"

"मीच."

"शिकलेल्या दिसता. न शिकलेली बाई नुसती फडक्याने पुसून ठेवते."

मग त्यांनी समजावलं. जुन्या घडणीत हिरा मागून बंद असतो आणि त्याच्याखाली चकाकीसाठी चांदीचा पातळ पत्रा असतो. त्याला डांक म्हणतात. पाणी आत गेलं की डांक मरते. हिऱ्याला काही होत नाही.

"उद्यापर्यंत नवी डांक बसेल?"

"असं काम करणारा जडिया आता एकच उरलाय. महिना घेईल."

"मग हिरे तेच आहेत अशी चिठ्ठी तरी द्या."

"देतो. पण तुमचे लोक म्हणतील, चिठ्ठीही विकत आणली."

मी धीर करून घराचा पत्ता सांगितला आणि विचारलं, "तुम्ही याल का धुळ्याला?"

त्यांनी हात जोडले. "चातुर्मास आहे, बाई. चार महिने जळगावची वेस ओलांडायची नाही असा माझा नियम आहे. तरुणपणी घेतला, अजून मोडला नाही."

परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी एकच विचार करत होते. नथ फुलांच्या आड झाकली तर कुणाला दिसणार? एका रात्रीचा प्रश्न, सोमवारी देवीचं विसर्जन. मनात सगळा बेत जुळवून झाला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. जिला नथ घालायची तिच्यापासूनच मी ती लपवणार होते. डोळे मिटून मनात म्हटलं, "आई, तुझी वस्तू माझ्या हातून बिघडली. आता मी खरं सांगेन. पुढचं तू बघ." पुष्कळ दिवसांनी मी कुणाशी तरी बोलत होते.

रविवारी दुपारी घर भरलं. मी नथ ताटात ठेवली आणि घडलं ते सांगितलं. जाऊबाईंनी ती उचलून उजेडात धरली.

"हाई आपली नथ नही शे," त्या अहिराणीत म्हणाल्या. "खडा बठ्ठा काया. हिरा कोठे ग्यात?"

"अक्का, खडे सगळे काळे दिसले तरी हिरे तेच आहेत."

"इंग्रजी शिकाडे ती. साबणघाई हिरा धोवाडस आम्हले!"

इंग्रजी शिकवणारी बाई आता आम्हाला साबणाने हिरे धुवायला शिकवते, या टोमण्यावर कुणीतरी हसलं. एक पुतण्या म्हणाला, "काकू, सराफाला दाखवल्याशिवाय देवीला घालायची नाही."

तेवढ्यात दारात मोटार थांबली. पांढरं धोतर, काठी, आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात. नानासेठ! सगळे उठून उभे राहिले. त्यांनी नथीला हात लावला नाही. भिंग जाऊबाईंच्या हातात दिलं.

"डावीकडून दुसरा खडा बघा. आत राखेसारखा ठिपका आहे, त्याच्या शेजारी केसासारखी रेघ. तुमच्या सासऱ्यांनी ही नथ माझ्या वडिलांकडे आणली होती, तेव्हा मी पाहिलाय तो."

जाऊबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"दिसला?"

"दिसना, नाना, तोच ठिपका शे." त्यांनी मान डोलावली, आवाज बारीक झाला होता.

"मग घाला देवीला. चकाकी गिऱ्हाइकाला लागते."

जाऊबाईंनी स्वतःच्या हातांनी ती काळी नथ कानबाईला घातली आणि मला आपल्या शेजारी उभं करून आरतीचं ताट धरायला लावलं. नानासेठ पाणीसुद्धा न घेता निघाले. मी मोटारीपर्यंत गेले, विचारलं, "आणि तुमचा नियम?" ते म्हणाले, "तो मी बघून घेईन," आणि काच वर केली.

परवा त्यांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा सूनबाईंनी सांगितलं. वेस ओलांडली म्हणून धुळ्याहून परतल्यावर नानांनी लागोपाठ तीन दिवस उपवास केले, फक्त उकळलेल्या पाण्यावर. त्या वयात. घरच्यांनी कारण विचारलं तर म्हणाले, "जाऊ नये असं ठरवलं होतं, पण बसवेना."

त्यांना कोणी बसू दिलं नाही, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. मला एवढंच माहीत आहे, की बसमध्ये मी सगळं देवीवर सोडलं, आणि माझ्या अब्रूसाठी एक म्हातारा माणूस तीन दिवस उपाशी राहिला, मला कळूही न देता. तेव्हापासून माझा दिवा रिकाम्या कोनाड्यापुढे लागत नाही.