तिसावा लेख

सलग चौथ्या रविवारी साधनाबाई वसमतच्या कॉलेजातल्या ग्रंथालयात कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या. कुरुंद्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत त्या शिकवतात आणि उरल्यासुरल्या जिवावर पीएच.डी. करतात. विषय, मेंढपाळांच्या मुलांचं शिक्षण. मार्गदर्शक सरांनी निक्षून सांगितलं होतं, आधीच्या संशोधनाचे तीस लेख सोमवारपर्यंत आणा, नाहीतर प्रकरण परत. आता तीसच का, ते सरांना आणि देवालाच ठाऊक.

एकोणतीस झाले होते. डोळ्यांची आग होत होती, मान आखडली होती. शोधाच्या चौकटीत 'शाळागळती' टाकलं की हजारो लेख अंगावर येत; 'मेंढपाळ' जोडलं की थेट मंगोलिया. मंगोलियातल्या मेंढरांनी बाईंना जीव नकोसा करून सोडला होता. शेवटी कंटाळून त्यांनी पुढे आपल्या जिल्ह्याचं नाव, 'हिंगोली', लिहिलं, आणि एकच लेख आला.

बाईंना हायसं वाटलं. पण वाचता वाचता माऊसवरचा हात थांबला. एक शाळा, बेचाळीस पालक. पैकी छत्तीस जण मुलांच्या शिक्षणाबाबत उदासीन. शाळेचं नाव नव्हतं, पण वर्ष, पटसंख्या, शिवार, सगळं त्यांच्याच शाळेचं.

सहा वर्षांपूर्वी पालकांकडून भरून घ्यायची ही प्रश्नावली शाळेत आली तेव्हा मेंढपाळ घरं मेंढरं घेऊन दूर गेलेली. हेडसर म्हणाले, "बसून भरून टाका, उद्या द्यायचेत." वरून आलेला कागद आपल्याकडे असाच भरतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. साधनाबाई आणि सोबतच्या शालूबाईंनी चहा घेत बेचाळीस फॉर्म भरले. अक्षर एकसारखं दिसू नये म्हणून पेनंसुद्धा बदलली. त्या खुणांची आता टक्केवारी झाली होती, आणि बाईंनी जमवलेल्या एकोणतीसपैकी दोन लेखांनी तिचाच आधार घेतला होता. शरमेने त्यांना तिथं बसवेना.

एस.टी.तून उतरल्या त्या घरी न जाता मुंजाजीकडे गेल्या. त्याची धाकटी राधिका चौथीत, त्यांच्याच वर्गात. मुंजाजी दारापुढे मेंढरांची लोकर कातरत होता.

"मुंजाजीभाऊ, एक विचारू? पोरींनी शिकावं असं वाटतं का तुम्हाला?"

"काहून न्हाई वाटनार, बाई? थोरलीच्या टायमाला कुनी इचारलंच न्हाई. औंढ्याला तिची मावशी हाय. शाळेनं नुसतं इचारलं असतं, तर ठिवली असती की तिथं."

थोरली पलीकडे कोकरांना पाणी पाजत होती. सोळा वर्षांची असेल; कागद आला त्या वर्षीच तिची शाळा सुटली होती.

"विचारायला कागद आला होता तेव्हा," बाई कशाबशा म्हणाल्या. "तुमच्या नावाचा मीच भरला."

"आस्सं? मंग काय लिवलं व्हतं आमचं?"

"पोरीच्या शिक्षणात रस नाही, असं."

मुंजाजीने कातर खाली ठेवली आणि जाऊन थोरलीच्या हातातली बादली घेतली.