पाहुण्याच्या गाडीला ओलं पोतं

मी नेमकं काय काम करते हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नाही, आणि त्याचा दोष मी त्यांना देत नाही. "पोरगी पुण्याला कंपनीत हाय," इथवर सगळं ठीक चालतं. पुढे कुणी विचारलं, कंपनीत काय बनवते, की आई विषय हळदीच्या भावावर नेते. बाबांनी मात्र आपल्यापुरतं उत्तर तयार करून ठेवलं आहे. आमच्या हट्टा गावच्या चहाच्या टपरीवर ते बिनधास्त सांगतात, "माही लेक गाडीचं नाक बनवते." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चिडले होते. मग वाटलं, त्यात खोटं तरी काय आहे? गाडी पुढून हवा ओढते, ती माझ्या जाळीतून जाते, आणि आतल्या माणसांचा आणि इंजिनाचा जीव तिच्यावर असतो.

गाडीच्या तोंडाशी खरं तर दोन जाळ्या असतात. एक रेडिएटर. इंजिनातून तापून आलेलं पाणी त्यात निवतं. दुसरा एसीचा कंडेन्सर. केबिनमधली उष्णता घेऊन आलेला गॅस त्यात निवतो. या दोघी एकीमागे एक उभ्या असतात. लहान टेम्पोच्या तोंडाशी दोघींना पुरेल एवढी जागा नसते, म्हणून टेम्पोवाल्याच्या नशिबी एसी नसतो. तो बिचारा मे महिन्यात गळ्यात ओला रुमाल टाकून गाडी हाकतो. माझं काम होतं दोन्ही जाळ्या एकाच चौकटीत बसवणं. वरच्या अंगाला एसी, खालच्या अंगाला इंजिन, आणि ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या दोघींना सामायिक.

यातली अडचण शेंबड्या पोरालाही कळेल. इंजिनाकडची धग त्याच पट्ट्यांवरून चढते आणि एसीकडे जाते. आमचे साहेब पहिल्या बैठकीपासून म्हणत, "तुम्ही चुलीला टेकवून माठ ठेवताय." मी म्हणायची, मधे फट ठेवली तर टेकणार कशाला? त्या पट्ट्यांना मधोमध चिरा पाडायच्या आणि धगीची वाटच तोडायची, एवढीच माझी युक्ती. पण चिरा जास्त पाडल्या तर पट्टी लेचीपेची होते, कमी पाडल्या तर धग चढतेच. या भानगडीत माझी उमेदीची वर्षं गेली, आणि खरं सांगायचं तर मला त्या जाळीचं वेड लागलं होतं.

शेवटी साहेबांनी अट घातली. भर मे महिन्यात, मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या रांगेत, एसी पूर्ण जोरात लावून टेम्पो चालवायचा. केबिन गार राहिली तर जाळी पास. नाही राहिली तर एसी टेम्पोतून कायमचा बाद आणि माझं कामही तिथेच बंद. मी म्हटलं, अशी रांग मला माहीत आहे. वसमतच्या मोंढ्यात मेमध्ये हळदीची आवक जोरात असते. बाजाराच्या फाटकापासून थेट रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागतात, पुढच्याचा गरम धूर मागच्याच्या तोंडावर येतो, आणि वरून ऊन असं की बोलायची सोय नाही. साहेबांना वाटलं असेल, ही घरच्या ओढीने सुचवतेय. थोडी ओढ होतीच.

चाचणीच्या दिवशी दुपारी साहेब आणि मी टेम्पो घेऊन हट्ट्याला जेवायला थांबलो. आमचं घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. आईने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. बाबांनी साहेबांसाठी खुर्ची पुसून लिंबाखाली मांडली, तांब्याभर पाणी आणलं. साहेब म्हणाले, "राहू द्या काका, माझं पाणी आहे," आणि त्यांनी पिशवीतून बाटली काढली. जेवणालाही नको म्हणाले, पोट बरोबर नाही म्हणाले. चहाही नको. मग मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले.

बाहेरचं पाणी न पिणारा माणूस पोटासाठी पीत नाही की जातीसाठी, हे बघणाऱ्याला कळत नाही, आणि हीच तर खरी तकलीफ आहे. प्रवासात साहेबांनी हॉटेलातही स्वतःचंच पाणी प्यायलं होतं, हे मला आठवत होतं. तरीही तो भरलेला तांब्या परत आत जाताना पाहिला आणि मी ताट बाजूला सारलं. बाबांना तर बसवेना. आत-बाहेर करत राहिले आणि मग कुठे दिसेनासे झाले.

आमच्याकडे एक रीत होती. पाहुणा बैलगाडीने आला तर आधी त्याचे बैल सोडायचे, त्यांना पाणी दाखवायचं, पाठीवर पाण्याचा हात फिरवायचा. पाहुणा घाईत असला, काही न खाता-पिता निघाला, तरी त्याची बैलं तहानलेली गेली असं होऊ द्यायचं नाही. बैल गेले, रीत बाबांच्या अंगात राहिली.

निघताना पाहिलं तर टेम्पो न्हाऊन निघालेला, टपावरून पाणी निथळत होतं. "गाडी गार करून ठेवली बरं का," बाबा म्हणाले. मला हसू आलं. साहेब घड्याळ बघत होते, म्हणून आम्ही लगेच चढलो. मी चालवायला, साहेब मधे लॅपटॉप घेऊन, आणि बाबा खिडकीशी. लेकीचं नाक कसं चालतं ते त्यांना बघायचं होतं. एसी लावला तसे ते खुलले. "लईच गार लागून राहिलं की माय," म्हणाले, आणि दोन्ही तळवे झोताच्या पुढे धरून बसले.

रस्त्याला वेग होता तोवर निभावलं. इंजिनाचा काटा नेहमीपेक्षा वर होता, पण मी ते उन्हावर ढकललं. मोंढ्याच्या रांगेत लागलो आणि काटा सरळ चढायलाच लागला. झोतातला गारवा गेला. इंजिन फार तापलं की त्याला वाचवायला एसी आपोआप बंद पडतो, तसा तो पडला. केबिनमध्ये भट्टी झाली. साहेब लॅपटॉपकडे बघत एवढंच म्हणाले, "चूल आणि माठ." मला रडू आवरत नव्हतं. मी टेम्पो कडेला घेतला आणि काही तुटलं का बघायला खाली उतरले. मागोमाग दोघेही उतरले.

पुढच्या खालच्या फटीतून पोत्याचं एक टोक लोंबत होतं. साहेबांनी वाकून ओढलं. ओलं पोतं नीट घडी करून, वाऱ्याने उडू नये म्हणून जाळीवर घट्ट खोचलेलं होतं, आणि आता अर्धंमुर्धं वाळून मोंढ्यातल्या धुळीने पिवळं झालं होतं. उन्हाळ्यात रांजणाला गुंडाळतात तसं. हवा जायला तसूभर जागा नव्हती.

"हे कुणी केलं?" साहेबांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, नुसता प्रश्न होता.

मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाले. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि कमरेत वाकले. "साहेब, चुकी माही हाय. पोरीला काई म्हनू नका. तिचं काम चांगलं हाय साहेब, मीच आडानी."

बाबांना हात जोडताना मी आजवर फक्त विहारात पाहिलं होतं. सरपंचापुढे नाही, बँकेत नाही, दवाखान्यात नाही. मला शिकवलं तेही ताठ मानेनेच, कुणाच्या दारात न जाता. आणि आज एका जाळीपायी ते हळदीच्या ट्रॉल्यांमधे, चारचौघांत वाकले होते. मला ती जाळी तिथेच फोडावीशी वाटली.

"बाबा, हात खाली घ्या," मी म्हटलं, जरा ओरडूनच.

साहेब गडबडले. "अहो काका, असं काय करता, होतं असं," म्हणाले. चांगल्या मनानेच म्हणाले. त्यांच्यासाठी तो विषय तिथे संपला. पोतं बाजूला टाकलं, इंजिन निवू दिलं, आणि आम्ही पुन्हा रांगेच्या शेपटाला लागलो. या खेपेला काटा आपल्या जागी थांबला. ऊन उतरणीला लागेपर्यंत केबिन गार होती. साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला, इंग्रजीत माझं अभिनंदन केलं, आपण चूक होतो हेही मोकळेपणाने कबूल केलं. मीही इंग्रजीतच आभार मानले. बाबा खिडकीबाहेर बघत होते. आता ते झोतापुढे हात धरत नव्हते.

साहेब वसमतलाच मुक्कामी उतरले. आम्ही दोघं हट्ट्याला निघालो. वाटेत मी अवाक्षर बोलले नाही. माझ्या डोळ्यांपुढून ते हात जात नव्हते. घरी आईने चहा टाकला. बाबा अंगणात उभेच होते. मला राहवलं नाही.

"काहून जोडले हात त्यान्ला?"

"चुकी माही व्हती."

"चुकी व्हती तर सांगायचं. हात काहून जोडायचे?"

"चुकीला जोडले, माय. मानसाला न्हाई जोडले."

ते खरं होतं, की माझी समजूत काढायला बोलले, हे मला आजही सांगता येत नाही. मी आणखी काही बोलणार तेवढ्यात त्यांनीच खाली बघत विचारलं, "मंग आता तुही जाळी काढूनच टाकतेत का टेम्पोतून?"

लॅपटॉपवर काय दिसलं, साहेब काय म्हणाले, मी काय म्हणाले, सगळं इंग्रजीत झालं होतं. त्या गार केबिनमध्ये, आणि नंतर वसमतपासून घरापर्यंत, आपण लेकीचं काम बुडवलं असं समजून बाबा माझ्या शेजारी बसले होते. आणि मी त्यांच्याच मानासाठी रागावून तोंड शिवून बसले होते.

"न्हाई बाबा. पास झाली. दुसऱ्या खेपेला पास झाली."

"कवा?"

"तिथंच. मोंढ्यात."

बाबा मटकन बाजेवर बसले. "मंग सांगायचं न्हाई व्हय गं," म्हणाले, आणि रुमालात तोंड घालून हमसाहमशी रडायला लागले.