आपल्या भाषेत लिहा

शनिवार, सकाळची बैठक, धुळे. हजर: विभागप्रमुख, आकडेवारी करणाऱ्या मॅडम, ऑनलाइन वर्ग घेणारे एक ज्येष्ठ सर आणि अभ्यासक्रमाचं कामकाज पाहणारी मी. गैरहजर: विद्यार्थी. त्यांना बोलावतच नाहीत.

विषय एकच. दवाखान्यातली नोकरी सांभाळून ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षण घेणारे आमचे डॉक्टर आणि त्यांना शिकवणारे, दोघं कितपत समाधानी आहेत? प्रश्नावली माझीच. वर ठळक लिहिलं होतं: नाव लिहू नका. शेवटी मोकळा चौकोन, त्यावर ओळ: मनातलं आपल्या भाषेत लिहा. ती ओळ सुचली तेव्हा मी स्वतःवर खूश झाले होते.

शिक्षक समाधानी निघाले. तक्रार एवढीच, की विद्यार्थी कॅमेरा बंद ठेवतात. विद्यार्थीही बऱ्यापैकी समाधानी. मग मॅडमनी मोकळ्या चौकोनातली उत्तरं वाचायला घेतली. बहुतेक इंग्रजीत, थोडी मराठीत. आणि एक अहिराणीत:

"सर कॅमेरा बंद करतस नि मांगला सालनं रेकॉर्डिंग लाई देतस. शिकाडनं बठ्ठं कागदवरच शे."

विभागप्रमुखांना हसू आवरेना. "शे! अरे, हे तर आपल्या धुळ्याचंच लेकरू!"

ज्येष्ठ सर हसले नाहीत. गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग लावून शिकवणं कागदावरच ठेवणारे तेच होते, आणि प्रात्यक्षिक परीक्षेचे परीक्षकही तेच. वर्गातले बाकी सगळे विदर्भ-मराठवाड्याकडचे. अहिराणी बोलणारी एकटीच होती, साक्रीकडची.

"मॅडम, यांच्यात अहिराणी बोलणारे कोण कोण?" सरांनी मला विचारलं. आवाज अगदी मऊ.

"यादी बघावी लागेल, सर."

"तुम्हाला? कोणाची रजा कधी संपते तेसुद्धा तुम्हाला तोंडपाठ! बघा, बघा. सोमवारी पाठवा. मूळ गावासकट."

परतीची एसटी पारोळ्याला थांबली तेव्हा उतरून मी त्या मुलीला फोन लावला. आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही ना, हे आधी पाहिलं. घडलं ते सांगितलं. एरवी वर्गात मला मॅडम म्हणणारी, वर्ग संपला की अक्का म्हणते.

"अक्का, तुम्हीच तं लिखेल व्हतं ना, आपली भाषामा लिखा? मनी परीक्षा तेस्नाच हातमा शे."

"काळजी करू नको," मी म्हटलं. तिच्या पदवीचा निकाल माझ्या एका ओळीवर येऊन अडकला होता.

रविवारी पिंप्राळ्याला घरी बसून अधिष्ठात्यांच्या नावे अर्ज लिहिला: प्रात्यक्षिक परीक्षेचा परीक्षक बदलावा. सही केली, आणि मग छापील नमुन्यातली 'कारण' ही जागा पुढे आली. कारण लिहिलं तर मुलगी उघडी पडते. नाही लिहिलं तर अर्ज परत येतो.

आज सोमवार. हजेरी चढवली, पुढचं वेळापत्रक पाठवलं, शिक्षकांची मानधनाची बिलं पुढे सरकवली. यादी पाठवलेली नाही. सरांचा फोन दोनदा वाजला, उचलला नाही. दारात पावलं वाजली की अर्ज फाइलखाली सरकवते.

'कारण' भरायचं राहिलं आहे.