हार घातलेले फोटो

दौंडहून कुरकुंभला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, दुपारच्या पाळीला, पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ माझ्या शेजारी बसायचे. नाव कधी विचारलं नाही, मामा म्हणायचो. गाडी हेलकावली की सगळे शेजाऱ्याचा खांदा धरत. मामा मात्र समोरची दांडीच धरायचे.

सिनेमाच्या सुरुवातीची नावं बारकाईनं बघायचा मला नाद. त्या दिवशी मोबाईलवर भुताचा एक विनोदी सिनेमा लावला होता. भिंतीवर हार घातलेले फोटो. प्रत्येकाखाली नटाचं नाव उमटतं आणि फोटोतला मेलेला माणूस डोळा मारतो. मागे ढोलकी. भीती आणि हसू पहिल्याच मिनिटात एकत्र कसं बांधलंय, ते मी मामांना हौसेनं सांगत होतो.

"थांबव जरा," ते म्हणाले. मोबाईलजवळ तोंड नेऊन त्यांनी एकेक फोटो पाहिला. "ह्यातलं कुणी मेलेलं वाटत न्हाई."

"का हो मामा?"

"समदी फोटोसाठी म्हणून बसल्यात. आपल्याकडं माणूस गेल्यावर फोटो हुडकत्यात. मंग कुणाच्या तरी लग्नातला कापून मोठा करत्यात. शेजारचा कापला तरी त्याचा हात खांद्यावर ऱ्हातोच."

मला हसू आलं. "तुमच्या घरी हाय का असा?"

"पोराचा हाय. हात माझा."

मोबाईलमधला नट डोळा अर्धा मिटून थांबला होता. कंपनीचं फाटक आलं. उठताना मामांचा तोल गेला, तसा मी खांदा पुढे केला. त्यांनी दांडी धरली.