थोरली आणि तीन धाकट्या

समजा, तुमच्या पुढ्यात वीतभर रुंद आणि तीन बोटं जाड अशी गोल काच ठेवली आहे आणि ती तुम्हाला सपाट करायची आहे. किती सपाट? डोक्यावरचा एक केस उपटा, त्याचे उभे दोन हजार काप करा आणि त्यातला एक काप काचेवर ठेवा. तेवढासुद्धा उंचवटा चालणार नाही. यंत्र नाही. खाली खांबावर राळेचा थर दिलेली तबकडी, वर तुमची काच, काचेच्या पाठीला चिकटवलेली लाकडी मूठ आणि मध्ये पाण्यात कालवलेली तांबूस पूड. काच पुढे ढकलायची, मागे ओढायची, किंचित फिरवायची आणि आपण खांबाभोवती एक पाऊल सरकायचं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे, पुन्हा एक पाऊल. एकाच जागी उभं राहून घासलंत तर तुमच्या हाताची खोड काचेत उतरते. म्हणून फिरत राहायचं.

आत्या अशी अडतीस वर्षं फिरली. खांबाभोवतीच्या फरशीत तिच्या पावलांनी गोल वाट पडली होती आणि पॉलिशच्या खोलीत नव्याने येणारा प्रत्येक जण तिथे एकदा तरी ठेचकाळायचा. "घाण्याच्या बैलाला निदान झापड तरी बांधतात," ती म्हणायची, "मला उघड्या डोळ्यांनी फिरावं लागतं." ती आपल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, मुलांची आत्या, पण सगळा कारखाना तिला आत्याच म्हणायचा. तिच्याहून वयाने मोठे कारागीरसुद्धा.

कारखाना तिच्या वडिलांनी, अप्पांनी, उभा केला होता. सुरुवात जिन्याखालच्या खोलीत झाली. जमीन मोजणाऱ्यांच्या दुर्बिणी अप्पा तिथे दुरुस्त करून द्यायचे. मग भिंगं आली, सूक्ष्मदर्शक आले, जिन्याखालची खोली सोडून दोन मजले झाले. पण सपाट काचा करायच्या तर त्या ताडून बघायला आधी एक खरीखुरी सपाट काच हवी, आणि तशी काच कुणी द्यायला तयार नव्हतं. अप्पांनी दोन वर्षं खपून ती स्वतःच केली. तिचं नाव पडलं थोरली. नवी काच थोरलीवर ठेवायची आणि पिवळ्या दिव्याखाली बघायचं. दोघींमधल्या हवेच्या फटीमुळे काळे पट्टे दिसतात. पट्टे सरळ, तर काच सपाट. पट्टे धनुष्यासारखे वाकले, तर काच पुन्हा खांबावर; बाक दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा कितवा हिस्सा, त्यावरून खोट मोजायची. कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक सपाट काचेने आधी थोरलीचा होकार घेतला होता.

दादाला मात्र काचेचं काम कधी जमलं नाही. त्याचे तळवे कायम गरम आणि घामट. लहानपणापासून अप्पांचं त्याला एकच सांगणं होतं, हात लावू नकोस. मग त्याने गिऱ्हाइकं सांभाळली, आणि ती इतकी चांगली सांभाळली की दोन मजल्यांचे चार झाले. अप्पा गेल्यावर त्याने एकच काम आपल्याकडे ओढून घेतलं. रोज सकाळी कारखाना उघडला की पहिल्यांदा मऊ कातडं घेऊन थोरली पुसायची. गोल गोल, सावकाश, चांगली पंधरा मिनिटं. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि एक पत्र आलं. मोजमापांच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने चाळीस सपाट काचा मागवल्या होत्या. पहिल्या बारा पाठवल्या, त्यातल्या पाच नापास झाल्या. मध्यभागी बसक्या, जवळजवळ पट्ट्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या. आधीच्या गिऱ्हाइकांना अर्धा पट्टा इकडेतिकडे झालेला चालायचा, यांना एक दशांशही चालत नव्हता. तीनेक आठवड्यांनी आमचा तपासनीस येईल, त्याला कारण दाखवा, नाहीतर उरलेल्या काचा रद्द समजा, असं पत्रात होतं.

तपासणीची खोली दादाच्या सुनेच्या ताब्यात होती. शिकलेली इंजिनियर, चार वर्षांपूर्वी घरात आली आणि पाचव्या दिवशी कारखान्यात. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं की थोरली म्हातारी झाली. इतकी वर्षं तिच्यावर काचा ठेवल्या, उचलल्या. ती झिजली असणार. बाहेरून नवी मागवावी आणि थोरलीला मानाने दाराजवळच्या कपाटात ठेवावं, खाली पाटी लावून.

दादाने तिच्याशी बोलणंच सोडलं. जेवताना मीठसुद्धा आत्याच्या मार्फत इकडून तिकडे जायला लागलं. "बाबांना सांगा, सही राहिली आहे," सून म्हणायची. "तिला सांग, मी आंधळा नाही," दादा म्हणायचा. दोघांच्या मध्ये बसून आत्या निरोप पोचवायची, पण तिच्या डोक्यात वेगळाच हिशोब चालू होता. दादाचं काय, त्याने काचा विकल्या. सुनेचं काय, तिने चार वर्षं तपासल्या. केल्या होत्या आत्याने. थोरली खोटी निघाली, तर अडतीस वर्षांत तिच्या हातून झालेली एकही काच खरी नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिने दोघांना एकदमच सांगितलं की मला तीन कोऱ्या काचा द्या.

"तीन कशाला?" सून म्हणाली. "एक पुरे की."

"एक केली तर ताडू कशावर? थोरलीवरच ना? म्हणजे आरोपीलाच साक्षीला बोलावल्यासारखं."

"मग दोन करा. एकमेकींवर ताडा."

"दोघींचं जमलं म्हणजे दोघी सपाट, असं कुठे आहे? एकीचं पोट पुढे आणि दुसरीचं तेवढंच आत असलं तरी छान बसतात. तुझे सासू-सासरे बघ, पस्तीस वर्षं कसे बसलेत." दादाची बायको कोपऱ्यात भाजी निवडत होती, ती पदराआड हसली. "तिसरी आली की बिंग फुटतं. पुढे आलेल्या पोटाशी जिचं जमतं, तिचं आत गेलेल्याशी जमत नाही. तिघी आपापसांत नीट बसल्या, तर वाकडं राहायला कुणालाच जागा नाही."

ही युक्ती अप्पांची. थोरली त्यांनी अशीच केली होती. तिच्या दोन बहिणी पुढे गिऱ्हाइकाकडे गेल्या आणि थोरली घरी राहिली.

अठरा दिवस लागले. आधी जाड पुडीने पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, तिसरी पहिलीवर. मग बारीक पूड, मग त्याहून बारीक, मग राळेवर पॉलिश. घासल्यावर हाताच्या उबेने काच फुगते, म्हणून ताडण्याआधी तिला दोन तास फडक्याखाली तशीच पडू द्यायची. याला कारखान्यात काच निजवणं म्हणत. हा नियम झाडूवाल्यालासुद्धा पाठ होता; निजवलेल्या काचेजवळून तो चवड्यांवर जायचा. आत्याचा गुडघा नवव्या दिवशी सुजला. त्याला पट्टा आवळून ती फिरली. चौदाव्या दिवशी दुसऱ्या काचेची कड जास्त घासली जाऊन खाली ढळली आणि तीन दिवसांची मेहनत पाण्यात गेली. त्या दिवशी सून जेवणाच्या सुट्टीत खाली आली आणि पूड कालवायला बसली. दुसऱ्या दिवशीही आली. आत्याने फक्त एवढंच म्हटलं की पाणी जरा कमी घाल.

अठराव्या दिवशी दुपारी चारला तिन्ही धाकट्या आपापसांत बसल्या. कुठलीही दोन घ्या, पट्टे सरळ. मग थोरली आणली. दादा उंबऱ्यावरच थांबला. आत्याने पहिली धाकटी थोरलीवर ठेवली आणि बाजूला झाली, कारण तिला स्वतःला बघवेना. सुनेने दिवा लावला, खाली वाकली, दोरा ताणून पट्ट्यांवर धरला.

"सपाट आहे," ती म्हणाली. "माझं चुकलं, बाबा."

दादाने सर्दी झाल्याचं नाटक करत नाक पुसलं आणि मीठ न मागता सुनेशी तीन वाक्यं बोलला. पण चौथं वाक्य तिचं होतं. थोरली खरी, तर पाच काचा बसक्या कशा?

दोन दिवसांनी सकाळी दहाला तपासनीस आला. सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्याने धाकट्या आपापसांत बघितल्या आणि मान डोलावली. मग त्यातली एक थोरलीवर ठेवली, दिवा लावला.

पट्टे वाकलेले होते. तिसरा हिस्सा, अगदी पत्रात लिहिला होता तेवढाच.

दुसरी ठेवली, तेच. तिसरी ठेवली, तेच. तपासनिसाने खिशातून पेन काढलं. दादा भिंतीला टेकला. आत्याचं डोकं मात्र चालू होतं. तिघी एकमेकींना धरून आहेत, म्हणजे तिघी बदललेल्या नाहीत. परवा यांचं थोरलीशी जमत होतं. म्हणजे परवापासून बदलली ती थोरली. आणि काच काही दोन दिवसांत झिजत नाही.

तिने वळून दादाकडे बघितलं. त्याच्या हातात अजून ते कातडं होतं. ती त्याच्यापर्यंत गेली आणि तिने त्याचा तळवा धरला. तव्यासारखा तापला होता.

"किती वेळ पुसलीस?"

"अर्धा तास. पाहुणे यायचे होते ना."

"आणि एरवी?"

"पंधरा मिनिटं. रोज."

आत्याने त्याच्या हातातलं कातडं काढून घेतलं. मग ती तपासनिसाला म्हणाली, "साहेब, दोन तास बसाल का? करायचं काहीच नाही. फक्त काचेला कुणी हात लावायचा नाही."

तपासनिसाने पेनला टोपण घातलं. "वाट बघण्याचाच तर मला पगार मिळतो," तो म्हणाला आणि स्टूल ओढून बसला.

चहा आला, पण चहाची वाफही नको म्हणून तो सगळ्यांनी बाहेर ओसरीवर घेतला. आत पिवळा दिवा आणि दोन काचा. सून मध्येच उठून गेली ती तपासणीची वही घेऊन आली. पाच नापास काचांची शेवटची तपासणी कुठल्या वेळेला झाली, तिथे तिने बोट ठेवलं. पाचही सकाळी, अकराच्या आत. पास झालेल्या सातही दुपारनंतर. रोज सकाळी दादाच्या तळव्याच्या उबेने थोरलीचं पोट केसाच्या कापाएवढं वर यायचं. तिच्यावर ठेवलेली चांगली सपाट काच मग वाकडी दिसायची, आणि आत्या ती पुन्हा खांबावर नेऊन थोरलीशी जमेपर्यंत घासायची. म्हणजे पाच काचांची पोटं आत गेली ती आत्याच्याच हाताने. दुपारी थोरली निवायची आणि पुन्हा खरं बोलायला लागायची.

सव्वाअकराला पट्टे थोडे सैलावले. पावणेबाराला त्यांची कमान उरली ती डोळ्यांना ताण दिल्यावर दिसेल एवढीच. बाराला पाच कमी असताना तपासनिसाने दोरा धरला, मग दुसऱ्या बाजूने धरला, मग चष्मा काढून पुन्हा धरला. झोपून उठल्यावर कुणी पाठ ताणून बसावं तसे पट्टे ताठ सरळ झाले होते.

"ही काच कुणी केली?" त्याने विचारलं.

"आमच्या वडिलांनी," दोघं भावंडं एकदम म्हणाली.

"म्हणजे तिला तापवणारा मीच," दादा मग हळूच म्हणाला. "इतकी वर्षं मीच."

"अप्पा तुला काय सांगायचे?"

"हात लावू नकोस."

आणि दादाच आधी हसला. मग सगळी खोली हसली, तपासनीससुद्धा. निजवल्याशिवाय एक भिंगही न ताडणाऱ्या त्या घरात थोरलीला निजवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ती काच आहे हेच सगळे विसरले होते.

उरलेल्या अठ्ठावीस काचा मंजूर झाल्या, पाच बदलून द्यायच्या ठरल्या. पण निघताना तपासनीस दारातून परत आला. प्रयोगशाळेला स्वतःच्या काचा ताडायला तिन्ही धाकट्या हव्या होत्या. दादा आकडा सांगणार तेवढ्यात आत्याने त्याला थांबवून आपली अट घातली, की न्यायच्या तर तिघी एकत्र ठेवायच्या. दोघींवर विश्वास ठेवू नका. अप्पा आपल्या काचांच्या कडेला छोटा त्रिकोण कोरायचे. आत्या तोच कोरायला बसली तर सुनेने हातातून हिरकणीच्या टोकाची सुई काढून घेतली आणि म्हणाली, "तुमची खूण घाला, आत्या." आत्याने विचार करून एक गोल काढला, फरशीवरच्या वाटेसारखा. आज त्या प्रयोगशाळेत इतरांच्या काचा खऱ्या की खोट्या हे तो गोल असलेल्या तीन काचा ठरवतात.

थोरली आता संध्याकाळी पुसली जाते. दादाच पुसतो, सुती हातमोजे घालून, आणि सून दारात उभी राहून मिनिटं मोजते. पहिल्याच संध्याकाळी त्याला तसं पुसताना बघून आत्या जागच्या जागी थबकली. अप्पासुद्धा संध्याकाळीच पुसायचे. सगळे गेल्यावर, दिवा मालवण्याआधी. त्यांच्यामागे दादाने मानाचं काम म्हणून ते सकाळवर आणलं होतं.

तिने अप्पांच्या सगळ्या वह्या चाळल्या. राळेत मेण किती, पूड किती वेळ निवळू द्यायची, काच निजवायची किती तास, सगळं आहे. संध्याकाळबद्दल एक अक्षर नाही. सून म्हणते, त्यांना माहीत असणारच, आत्या, त्याशिवाय का. दादा म्हणतो, सकाळी त्यांच्या दारात दुर्बिणीवाल्यांची रांग असायची, पुसणार कधी? आत्याला दोन्ही पटतं. दुपारी खांबाभोवती फिरताना ती अजून तेच मनात घोळवते: अप्पांना ते कळलेलं होतं, की सकाळी त्यांना नुसता वेळच मिळत नव्हता?