मेव्हिसची पिवळी डबी

माझी सासू मेव्हिस. तिचा उभा जन्म लोकरीच्या शेडमध्ये गेला. मेंढी भादरून झाली की लोकर उचलून टेबलावर पसरायची आणि शेणाने माखलेले तुकडे तोडून काढायचे, हे तिचं काम. तोंड रापून चामड्यासारखं झालेलं, पण हात मात्र लोण्यासारखे मऊ. सगळी लोकरीतल्या चरबीची करामत. आणि त्या हातांचा वास! लग्न होऊन मी साउथलंडमधल्या या मेंढ्यांच्या शेतावर आले, तेव्हा तिने प्रेमाने गालावरून हात फिरवला. मी तडक नळाखाली तोंड धरलं.

टाकाऊ लोकर ती घरी आणायची आणि माझ्या स्वयंपाकघरात उकळायची. लेंड्या, मूत, घाम, सगळं एका पातेल्यात. वर तरंगणारा पिवळा चिकट थर गाळून डबीत भरायचा. किळस, नुसती किळस!

माझा मुलगा रोरी झाला आणि पाजून पाजून माझी स्तनाग्रं फाटली. रक्त यायला लागलं. मेव्हिसने डबी पुढे केली.

"शी! मेंढीची घाण मी अंगाला लावू?"

"नखरे पुरे, पोरी. लाव, नाहीतर बस रडत."

नाक मुरडत लावलं. भेगा खरंच मिटल्या.

डबी संपल्यावर तिने नवी भरली. या खेपेच्या मेंढ्यांच्या पाठीवर अळ्या मारायचं औषध नुकतंच ओतलेलं होतं. तिला ते ठाऊक होतं. पण उकळलं की सगळं जातं, अशी शेडमधल्या साऱ्या बायकांची समजूत.

मी तीही लावली. दूध पिऊन रोरी लाळ गाळायला लागला, ओकला, मग लुळा पडला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डबी हुंगली.

"ही चरबी कातडीवर झाकण घालते, ओल आत धरून ठेवते. तिच्यात विष असलं तर तेही धरून ठेवते. उकळून जात नाही ते."

रोरी वाचला. मी मेव्हिसवर ओरडले, "हे घाणेरडे हात माझ्या पोराला लावायचे नाहीत!"

 मेव्हिसने शेडमधलं काम सोडलं, डबी फेकली आणि ती हात साबणाने घासघासून धुवायला लागली. हिवाळ्यात ते फुटले, रक्ताळले. रोरी रांगत जाऊन तिच्यापुढे हात पसरायचा, तर ही आपले हात पाठीमागे लपवायची.

शेवटी मी औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली. तीच लोकरीची चरबी, पण शुद्ध करून तपासलेली. झाकण उघडताच तोच वास, थोडा कमी.

"आणा हात."

"तुला घाण वाटेल."

"वाटतेच आहे. आणा."

 एकेक भेग भरली आणि रोरीला उचलून तिच्या हातांत दिलं.